सिन्योरा आर्जियाच्या नावाचं सिम

मिस्ड कॉल या विषयात मी डॉक्टरेट आहे! बढाई नाही मारत. गारगोटीला होतो तेव्हा आमचं घर, काकांचं सायकलचं दुकान आणि ताईचं सासर, या तिन्ही ठिकाणी मिळून मिस्ड कॉलची अख्खी भाषा मी एकट्यानं बसवली होती. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे जेवायला थांबू नका. तीन म्हणजे सासूबाई शेजारीच उभ्या आहेत, आता काही विचारू नकोस. फोन मात्र कुणी उचलायचा नाही! आमच्याकडे फोन उचलणाऱ्याला बावळट म्हणत.

त्यामुळे इटलीत प्रीपेड मोबाइल घ्यायची वेळ आली तेव्हा मी मनात म्हटलं, सदानंद हळदकर, आता दाखवच या लोकांना फोन कसा वापरायचा ते!

दाखवला. असा दाखवला की एका संसाराची वाट लागली, एका म्हातारीला पालवी फुटली आणि माझ्यावर चंबूगबाळं आवरायची पाळी आली.

मला बोर्गोरिव्हात येऊन आता वीस वर्षं होऊन गेली. ही भानगड दुसऱ्या वर्षातली. मी चीजच्या गोदामात कामाला होतो. जात्याच्या पाळीएवढे चीजचे गोळे छतापर्यंत फळ्यांवर मांडलेले. ते उतरवायचे, ब्रश मारायचा, उलटे करायचे, परत वर ठेवायचे. तान्ह्या बाळाची कुणी इतकी उलथापालथ करत नाही!

त्यात माझा राहण्याचा परवाना संपलेला. नवा मिळायला दोन कागद हवे होते. एक नोकरीचा, की हा माणूस अजून वर्षभर आमच्याकडे कामाला आहे. दुसरा घरमालकिणीचा, की हा आमच्याकडे राहतो. दोन्हींवर सह्या घेऊन एका सोमवारी सकाळी नऊला पोलिसांच्या परवाना खिडकीवर हजर व्हायचं होतं. एक जरी सही नसली तरी उचला बॅग आणि चला गारगोटीला! आणि गारगोटीला तर आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की सदा तिकडे मॅनेजर आहे.

गोदामाचे मालक वर्षातून दोनदा उगवायचे, नाताळला आणि ईस्टरला. बाकी सह्या, शिक्के आणि शिव्या हे सगळं मुकादम लोरिसकडे. हा लोरिस म्हणजे सव्वाशे किलोचा गडी. सकाळी त्याच्या व्हॅनमधून मला चौकातून उचलायचा. एक दिवस मला उशीर झाला आणि तो उखडला.

"दहा मिनिटं उभं केलंस मला! फोन घे फोन! निघालास की कळव!"

दुकानात गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "परवाना दाखवा."

"नूतनीकरणाला टाकलाय. ही पावती."

"पावतीवर सिम देत नाही."

माझी घरमालकीण सिन्योरा आर्जिया सोबत होती. वय एकाहत्तर. नवरा स्टेशनमास्तर होता, तो जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून काळ्या कपड्यांशिवाय अंगाला काही लावलेलं नाही. चर्च, भाजी, घर. संध्याकाळी आठला खिडक्या बंद. तिनं पर्समधून आपलं ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर आपटलं.

"माझ्या नावावर दे गं. पोरगा माझ्याकडेच राहतो. पळून जाऊन जाऊन जाईल कुठं?"

झालं! सिम आर्जियाचं, मोबाइल माझा. त्याच दिवशी गोदामात लोरिसला गाठलं आणि माझी पद्धत समजावून सांगितली.

"हे बघा मुकादम, सकाळी पावणेसातला एक रिंग, म्हणजे मी निघालो. संध्याकाळी जेवण झालं की मी गोदामातला थर्मामीटर बघून येतोच. सगळं ठीक असलं की परत एक रिंग. तुम्ही उचलायचा नाही. कळलं?"

"सी, सी!" लोरिस म्हणाला, म्हणजे हो, हो. ब्रशच्या मशीनचा दणका एवढा होता की मी त्याची मुलगी मागितली असती तरी तो सी सीच म्हणाला असता. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. पावणेसातला एक, आठला एक. चीजला रविवार कळत नाही, म्हणून रविवारीही. आणि तिसऱ्याच दिवशी चमत्कार! माझी रिंग गेली आणि अर्ध्या मिनिटात तिकडून एक रिंग परत आली. मी बंद केला फोन आणि मांडीवर थाप मारली. मिळाली पोच! मुकादम तयार झाला की!

पुढं पुढं तर रविवारी भर दुपारीही रिंग यायला लागली. मी समजलो, याला गोदामाची काळजी लागलीय. लगेच एक परत दिली, काळजी नको. एकदा दोन आल्या, मी दोन दिल्या. एकदा तीन आल्या, मी चार दिल्या! फुकटातलं काम, त्यात हात आखडता कशाला घ्यायचा? दोन आठवड्यांत या गड्याच्या खिशातून एक पैसा गेला नाही. मी तर आईला पत्रातही लिहून टाकलं की इथल्या लोकांना मी वळण लावतोय.

मग तो गुरुवार उजाडला. सोमवार चार दिवसांवर. मी चौकात उभा. व्हॅन आली, दार उघडलं आणि आतून उशी खाली पडली! मागं ब्लँकेट, दाढीचं सामान, एक बूट. लोरिसचे डोळे लाल.

"मुकादम, हे काय?"

"मिरेल्लानं हाकललं मला." मिरेल्ला त्याची बायको. "दोन रात्री व्हॅनमध्ये झोपतोय. कुणीतरी बया मला रोज सकाळ-संध्याकाळ स्क्विल्लो देतेय! फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो, मला पत्ताच नाही, आणि मिरेल्ला दोन आठवडे मोजत बसलीय!"

"स्क्विल्लो म्हणजे?"

"कुठल्या जगात राहतोस रे! एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. म्हणजे मला तुझी आठवण येतेय. समोरच्यानं परत दिली की, मलाही येतेय. सगळी पोरं दिवसभर तेच करतात. मिरेल्लानं चाचणी म्हणून परत दिली, तर ती बया परत देते! मिरेल्लानं तीन दिल्या तर हिनं चार दिल्या. चार!"

माझ्या पोटात गोळा आला. चीजचा. अख्खा!

"आणि नाव कळलंय," लोरिस स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला. "फोनच्या दुकानातली पोरगी मिरेल्लाच्या मावसबहिणीची. त्या बाईचं नाव आर्जिया मालागुती."

"आमची आर्जिया?"

"तुझी आर्जिया! एकाहत्तर वर्षांची! मिरेल्ला म्हणते, तरुण पोरगी असती तर एक वेळ समजले असते, हिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? काय सांगू मी तिला?"

मी हात जोडले आणि सगळं कबूल केलं. निघालो, थर्मामीटर, पोच, सगळं! लोरिसनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"चीज वीस दिवस मिठाच्या पाण्यात बुडवतो ना आपण? तुला चाळीस दिवस बुडवीन. चल घरी! तिला सांग!"

"आणि माझा कागद, मुकादम? सोमवारी..."

"माझं पेन घरी आहे. मी घरात गेलो तर सही होईल. नाहीतर तू गारगोटीला आणि मी व्हॅनमध्ये!"

गेलो. मिरेल्लानं दार चार बोटं उघडलं. मी सगळं परत सांगितलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"याच्या हाताखाली कामाला आहेस ना?"

"हो."

"तुझ्या कागदावर यालाच सही करायचीय ना?"

"हो."

"मग हा सांगेल ते तू बोलणारच की रे! जा. त्या आर्जियाला येऊन माझ्या तोंडावर सांगू दे, फोन माझा नाही म्हणून. मग बघू." आणि दार धाडकन बंद!

म्हटलं, एवढंच ना? आर्जिया सरळ बाई. दोन मिनिटांचं काम. दुपारी धावत घरी आलो, तर आर्जिया आरशासमोर. केसांना क्लिपा लावलेल्या. ओठांवर काहीतरी लाल!

"सिन्योरा, अनर्थ झालाय!"

"माहितेय," ती म्हणाली. "सकाळी बेकरीत गेले तर सगळ्या बायका गप्प झाल्या. मग मांस घ्यायला गेले. तिथंही गप्प! एकोणीस वर्षं माझ्यासमोर या बाया भाजीपाल्याचे भाव बोलतात रे. आज पहिल्यांदा मला बघून कुजबुजल्या. आणि तो औषधवाला, त्यानं खुर्ची दिली मला!"

"म्हणजे तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट? बावन्न वर्षांच्या बाप्याला मी नादी लावलंय असं सगळं गाव म्हणतंय आणि मला वाईट वाटेल?"

"पण सिन्योरा, ते खरं नाही!"

"म्हणून तर माझं काही पाप नाही." तिनं आरशात मान कलती केली. "पाप नाही आणि नाव झालं. असा योग कुणाला येतो?"

मी गयावया केली. मिरेल्लाला खरं सांगा, नाहीतर लोरिस सही करणार नाही. तेव्हा तिनं टेबलाच्या खणातून माझा दुसरा कागद काढला, माझ्यासमोर नाचवला आणि परत खणात ठेवून किल्ली फिरवली.

"रविवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. रविवारची प्रार्थना मला एकदा अशी करू दे. चर्चमध्ये मधल्या वाटेनं एकदा चालत जाऊ दे, सगळे बघत असताना. प्रार्थना सुटली की मी स्वतः मिरेल्लाला सांगते, मग सही. त्याआधी तोंड उघडलंस तर हा कागद कोरा."

बघा आता! एक म्हणतो, खरं सांगितल्याशिवाय सही नाही. दुसरी म्हणते, खरं सांगितलं तर सही नाही. गोदामात मुकादम डोळे वटारतोय, घरी म्हातारी नखं रंगवतेय, आणि मी मधल्या मध्ये दळला जातोय!

"आणि हो," आर्जिया म्हणाली, "तो फोन रविवारी माझ्या पर्समध्ये राहील."

"तो कशाला?"

"माझ्याच नावावर आहे ना?"

तीन दिवस कसे काढले माझं मला माहीत. रविवारी आर्जिया निघाली ती निळ्या कपड्यांत! डोक्यावर पीस लावलेली टोपी. गावात गुडघेदुखीनं अंथरुणाला खिळलेले म्हातारेसुद्धा त्या दिवशी चर्चमध्ये हजर होते. ती मधल्या वाटेनं गेली. एवढी सावकाश गेली की पाद्री सुरुवात करायचे थांबले. मी शेवटच्या बाकावर बसून एकच मागणं मागत होतो, देवा, तू यांचा असशील किंवा आमचा, सोमवारपर्यंत सांभाळ!

प्रार्थना सुटली. चर्चसमोरच्या चौकात सगळा गाव थांबला. घरी जायचं कुणाच्या मनातच नव्हतं. एका बाजूला मिरेल्ला, कमरेवर हात. तिच्या मागं तीन हातांवर लोरिस, पाच रात्रींचं चुरगळलेलं जाकीट घालून. समोर आर्जिया.

"सांगा ना सिन्योरा," मी मागून कुजबुजलो.

"सांगते रे. उन्हात जरा उभी राहू दे."

मिरेल्लाला कुठला धीर! तिनं लोरिसचा फोन पर्समधून काढला आणि वर धरला.

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर लावते तो नंबर! बघू कुणाच्या पर्समध्ये वाजतो!" आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तिनं तो दाबला.

वाजला. आर्जियाच्या पर्समध्ये. आणि या बाईनं, नाही म्हणायचं सोडून, पर्स उघडली, फोन बाहेर काढला, हातभर लांब धरून बटण शोधलं आणि लाडिक आवाजात म्हणाली, "प्रोंतो?"

मेलो! लोरिसनं तोंड झाकून घेतलं. आता कागदांचं काय घेऊन बसलात, मला माझं विमान दिसायला लागलं. मी गर्दीतून घुसलो आणि ओरडलो, "फोन माझा आहे! रिंग मी देत होतो! या बाईचा काही संबंध नाही!"

मग एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास पोरा! मालकिणीची अब्रू राखायला स्वतःवर घेतोस! आमच्या मुलांनी नसतं घेतलं." एक बाई तर चक्क डोळे पुसायला लागली.

"अहो, खरंच माझा आहे!"

"किती गुणाचा!" दुसरी म्हणाली.

तेवढ्यात मिरेल्लानं आर्जियाच्या हातातून फोन हिसकावला. "बघू तरी माझ्या नवऱ्याचं नाव काय घालून ठेवलंय हिनं! राजा? सोन्या?" तिनं डोळे बारीक केले. "आर... ई... डी... ए. रेडा? रेडा म्हणजे काय गं?"

आर्जियाचा चष्मा घरी. ती म्हणाली, "असतं काहीतरी. आमचं आमच्यात."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी या लोरिसनं माझ्या हातून निसटलेल्या एका चीजवरून मला तासभर झापलं होतं. फोन घेतला त्या संध्याकाळी नाव घालताना तो तास आठवला आणि बोटांनी आपोआप टाइप केलं. इथं कोणाला कळणार होतं?

"ते माझ्या भाषेतलं आहे," मी बोललो.

सगळे माझ्याकडे वळले. लोरिससुद्धा.

"अर्थ काय?" मिरेल्लानं विचारलं.

खोटं बोलायचं तर चर्चच्या पायरीवर उभा. खरं बोलायचं तर सही करणारा समोर. राजा म्हणू का? सिंह? पण लोरिसचा चेहरा बघितला. दोन रात्रींच्या पाच रात्री झाल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि हे सगळं माझ्या शहाणपणामुळं. बिचारा!

"म्हैस असते ना, तिचा नर."

"दक्षिणेत असतात त्या? मोत्झारेल्ला चीजचं दूध देतात त्या?"

"देते ती म्हैस. हा काहीच देत नाही. दिवसभर चिखलात बसून असतो. हाक मारली तर उठत नाही. उठलाच तर भलतीकडे जातो. आणि कारण नसताना डोळे वटारतो."

मिरेल्ला नवऱ्याकडे वळली. त्याला खालून वर बघितलं आणि एक बोट मोडलं. "हाक मारली तर उठत नाही." दुसरं बोट मोडलं. "उठला तर भलतीकडे." तिसऱ्या बोटाला तिला हसू फुटलं. हसता हसता खाली पायरीवर बसली. नाकातून पाणी!

"हे प्रेम करणाऱ्या बाईनं लिहिलेलं नाही," ती उठून म्हणाली. "हे याच्या हाताखाली काम करणाऱ्यानं लिहिलंय! फोन याचाच! चल घरी, रेड्या!"

सगळा चौक हसला. लोरिस माझ्याकडे असा बघत होता की मी मनातल्या मनात मिठाच्या पाण्यात उतरलो. पण मिरेल्लानं त्याच्या दंडाला धरलं आणि हुकूम सोडला, "आधी पोराच्या कागदावर सही कर. माझी पाठ घे." आणि त्यानं तिच्या पाठीवर कागद ठेवून, पाद्रींचं पेन घेऊन, कागद फाटेल एवढ्या जोरानं सही ठोकली.

एक झाली. दुसरीसाठी घरी आलो तर आर्जियानं टोपी काढून ठेवली होती. मला खरंच वाईट वाटलं.

"सिन्योरा, चुकलं माझं. पण त्याचा संसार..."

"संसार जोडलास, ते चांगलं केलंस." तिनं खण उघडला, सही केली आणि कागद माझ्या पुढ्यात सरकवला. "पण फोन मी ठेवतेय. नाव माझं आहे."

ठेवा म्हटलं!

सोमवारी नऊला खिडकीवर हजर झालो. आत पांढऱ्या मिशांचा हवालदार. त्यानं कागद बघितले, सह्या बघितल्या, शिक्का उचलला आणि मध्येच थांबला. कागदावर संपर्काचा नंबर होता, फोन घेतला त्या दिवशी मी लिहिलेला.

"हा नंबर... बोर्गोरिव्हातल्या सिन्योरा मालागुतींचा?"

"हो साहेब. म्हणजे तसा माझा. पण आता त्यांचाच."

त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि खिडकीतून पुढं वाकला. "काल संध्याकाळपासून तीन स्क्विल्लो दिले. एक परत आला नाही. जरा शब्द टाका ना! बायको जाऊन सहा वर्षं झाली. निवृत्तीला दोन महिने आहेत."

मी म्हटलं, टाकतो. शिक्का पडला!

घरी येऊन आर्जियाला निरोप सांगितला. ती फोन मांडीवर घेऊन बसली होती. "त्याला म्हणावं रांगेत थांब. कालपासून अकरा आलेत. आणि साठीच्या आतली मुलं फार उतावळी असतात."

नवा परवाना हातात आल्यावर मी माझ्या स्वतःच्या नावावर सिम घेतलं. ताठ मानेनं! पहिले आठ दिवस एक रिंग नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी एकदाच वाजला आणि बंद झाला. अहो, चौतिशीचा गडी मी, छाती धडधडायला लागली! कुणाला बरं आपली आठवण आली असेल? परत रिंग देत बसलो नाही, नंबर न बघताच सरळ फोन लावला.

"अरे, तू आहेस होय?" आर्जिया म्हणाली. "हवालदाराला देत होते, चुकून तुला लागला. ठेव, ठेव, लाइन अडवू नकोस!"